बुडबुड्याले टिचकी

...अन् वरून मॅडम मलेच म्हणतेत, "नागेश, तुले हात लावाले कोनं सांगतलं होतं?" आता तुमाले सांगतो, बुडबुडा दिसल्यावर मानसानं गप बसाव तरी कसं?

नाई, तुमीच इच्यार करा! मी पह्यले दवाखान्यात वॉर्डबॉय होतो. सलाईनच्या नळीत बुडबुडा दिसला का टिचकी मारायची, हे मले झोपेत बी समजते. आता लागलो या पाणी तपासाच्या लॅबमंदी. इथं एक मशीन हाये बाप्पा! शेवयीएवढ्या नळीतून गावोगावचं पाणी एकामांगं एक वाहून राह्यते, अन् वाहता वाहताच मशीन त्याच्यात औषध सोडते. नायट्रेट असलं का पाणी गुलाबी! रुचिका मॅडम नाकातून बोलतेत, "नागेश, तू फक्त बसायचं हं. मशीनच सगळं करते." फक्त बसायचं? अन् पगार कायचा घ्यायचा, बसाचा?

त्यात त्या दिवशी माह्या सासुरवाडीच्या विहिरीचं पाणी आलतं. रिपोर्ट येतवरी विहीर बंद! माही सासू मंदाबाई, गुडघे धरून चालते बिचारी, ते वावरातल्या बोअरवरून डोक्यावर पाण्यानं भरलेला गुंड आणून राह्यली. सकाळपासून फोनवर फोन, "जावईबापू, विहीर खोलू का जी?" जीव तुटे माहा! म्हटलं, "मामी, संध्याकाळी रिपोर्ट देतो म्हंजे देतो!"

मॅडम चहाले गेल्या, अन् मी पायतो तं काय... नळीत बुडबुडा! त्याच्या मांगं अजून एक! लाईनच लागली! अंगावर काटाच आला जी, पेशंट अस्ता तं गेला अस्ता! मारली टिचकी. जाते का? नाई जात! मंग हवा कुठून येते ते शोधलं, अन् ते नळीच चिमट्यानं दाबली. पाणी कसं सलग वाहाले लागलं! बुडबुडा दिसल्यावर मानसानं गप बसाव तरी कसं?

मॅडम आल्या, स्क्रीन पायली, अन् मटकन खुर्चीत बसल्या. "अरे, बुडबुडा मशीन मुद्दाम सोडते! एका गावचं पाणी दुसऱ्यात मिसळू नये म्हणून!"

घ्या! म्हंजे तो बुडबुडा नव्हता, दोन वावरायच्या मधातला धुरा होता धुरा! सारे धुरे म्याच मोडले. साऱ्या गावायचं पाणी एकसारखं फिक्कट गुलाबी... जिल्ह्यात अशी एकी कधी झाली नसन!

"बाटल्यांमधलं उरलेलं पाणी आण," मॅडम म्हणाल्या. बाटल्या? त्या तं मी कवाच धुऊन पालथ्या घातल्या होत्या. रिकामं बसाव तरी कसं?

लावला सासूले फोन. "मामी, पाणी परत लागते जी." मंग हळूच म्हणे, "सोताच न्याले या, जावईबापू. भाकर-भाजी करून ठेवतो. फकत... तुमच्या प्याचं पाणी घरूनच आणजा."

लोकं सासुरवाडीले पेढे नेतेत जी. मी प्याच्या पाण्याची वीस लिटरची भरली कॅन घेऊन चाललो.