बाळंतीण खाली कशी उतरते?

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या सर्वांचे आदरणीय व्हिन्सेंट तुस्कानो सर, व्यासपीठावरील नगरपालिकेचे पदाधिकारी, डॉक्टर मंडळींच्या संघटनेचे सन्माननीय सदस्य, आमच्या आरोग्य विभागातल्या सर्व भगिनी आणि बंधू, आणि ज्यांना निवृत्तीचा निरोप देण्यासाठी आज आपण कामधंदा सोडून या सभागृहात जमलो आहोत त्या आमच्या डॉ. सुहासिनी खानविलकर मॅडम.

मी सालोमी डाबरे. परिचारिका. मॅडम जिथे जिथे तपासणीला गेल्या तिथे त्यांच्या मागून जाणारी मी. मला पाच मिनिटं दिली आहेत. सर, सहावं मिनिट झालं तर घंटी वाजवू नका, नुसतं माझ्याकडे बघा. मी शाळेत तुमच्याच वर्गात होते, मला ती नजर अजून समजते.

आपल्यातल्या तरुण मंडळींसाठी थोडं सांगते. खाजगी दवाखान्यांची, शुश्रूषागृहांची नोंदणी करायची, तिथे किमान सोयी आहेत की नाहीत ते बघायचं, हा कायदा काही आजचा नाही, एकोणीसशे एकोणपन्नास सालचा आहे. पण कायदा असणं वेगळं आणि तो आपल्या गल्लीत येऊन उभा राहणं वेगळं. नव्वदनंतर आपल्याकडे इमारती कशा वाढल्या, तुम्ही पाहिलंय. बोळिंजला शेतं होती तिथे संकुलं आली, तुळिंजला तर दोन इमारतींमधून छत्री उघडी धरून जाता येईना. माणसं आली, त्यांच्यामागून दवाखाने आले. कुणी गाळ्यात, कुणी फ्लॅटमध्ये. नोंदणी म्हणजे काय, तर एक अर्ज द्यायचा आणि काचेच्या चौकटीतलं प्रमाणपत्र भिंतीवर लावायचं, एवढीच बहुतेकांची समजूत. आणि अशा वेळी जिल्ह्याच्या आरोग्य खात्याने आपल्या भागाच्या तपासणीचं काम मॅडमकडे दिलं.

इथे बसलेल्या किती डॉक्टरांना मॅडमची भीती वाटायची? हात वर करू नका, मला माहीत आहे. पण एक सांगा, भीती कशाची होती? त्या कधी ओरडल्या नाहीत, कुणाचा अपमान केला नाही. भीती होती ती त्यांच्या प्रश्नांची. दुसरे अधिकारी आले की आधी कागद मागतात. मॅडम आल्या की म्हणायच्या, "मला जरा सांगा ना, हे कसं करता?" आणि खरंच ऐकायच्या. प्रसूतीच्या टेबलावर स्वतः झोपून वर बघायच्या. का? तर तिथे आडव्या पडलेल्या बाईला काय दिसतं ते त्यांना बघायचं असायचं. एका ठिकाणी वर पंखा असा लटकत होता की त्या झोपल्या झोपल्याच म्हणाल्या, "सालोमी, मला कळा नसत्या तरी इथे सुरू झाल्या असत्या."

आज मी एकच हकिगत सांगणार आहे. ती सांगू का, म्हणून मॅडमना परवा विचारलं. त्या म्हणाल्या, "सांगायची असेल तर पूर्ण सांग, अर्धी नको." आणि डॉ. जयवंत किणी, ज्यांच्या दवाखान्याची ही हकिगत आहे, ते इथे तिसऱ्या रांगेत बसले आहेत. त्यांनीही मोकळ्या मनाने परवानगी दिली आहे. डॉक्टर, आभारी आहे.

दोन हजार एक सालची गोष्ट. तुळिंजला एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर किणी डॉक्टरांचं प्रसूतिगृह होतं. माणूस हुशार, हाताला गुण, बायाबापड्यांचा जीव त्यांच्यावर. आम्ही गेलो तेव्हा फरशी लखलखीत, औजारं उकळलेली, प्राणवायूची टाकी भरलेली. मला वाटलं, चला, इथे चहा पिऊन निघायचं. तेवढ्यात मॅडमनी विचारलं, "डॉक्टर, गुंतागुंत झाली आणि बाईला मोठ्या रुग्णालयात न्यायचं झालं, तर बाळंतीण खाली कशी उतरते?"

"खुर्चीतून, मॅडम. आमचा कृष्णा आणि अजून एक जण उचलतात. सवय आहे त्यांना."

"कोणती खुर्ची?"

खुर्ची आली. साधी, प्लास्टिकची. मॅडमनी पर्स माझ्याकडे दिली आणि खुर्चीत बसल्या. "कृष्णा, चला. मला खाली न्या."

डॉक्टरांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. कृष्णा तर हात मागे घेऊन उभा. पण मॅडम काही उठेनात. शेवटी दोघांनी उचललं. पहिल्या काही पायऱ्या ठीक गेल्या. जिना जिथे वळतो तिथे खुर्ची भिंतीला अडली. मग ती कठड्याच्या वर उचलून, तिरकी करून वळवावी लागली. मॅडमचा एक हात कठड्यावर, एक कृष्णाच्या मानेत. पायातली चप्पल सुटली ती थेट तळमजल्यावर जाऊन पडली. मी वरून बघत होते. 

मॅडम परत वर आल्या, घाम पुसला आणि म्हणाल्या, "आता समजा, सलाईन लावलंय. बाटली कोण धरणार?"

"नातेवाईक."

"सालोमी, तू नातेवाईक. ये."

मी बाटली उंच धरून त्या वळणावर उभी राहिले आणि कळलं, की तिथे मी मावतच नाही. एक तर मी राहीन, नाही तर खुर्ची. किणी डॉक्टरांना ते आमच्या आधी कळलं असावं. ते भिंतीला टेकून उभे होते. हळूच म्हणाले, "इतकी वर्षं मी फक्त वरचा दवाखाना बघितला, मॅडम. जिन्यात कधी थांबून बघितलं नाही."

जागा बदलेपर्यंत नवी बाळंतीण दाखल करायची नाही, असा आदेश निघाला. डॉक्टरांनी एवढंच विचारलं, "तोपर्यंत या बायका कुठे जातील?" मॅडम म्हणाल्या, "सरकारी रुग्णालय आहे, मुंबई आहे." हे उत्तर लक्षात ठेवा.

दुसऱ्याच आठवड्यात आमच्या कार्यालयावर बायका आल्या. पुढे होत्या धोंडूबाई. खाडीकाठच्या शेतकरी घरातल्या, लेकाच्या नोकरीपायी तुळिंजला येऊन राहिलेल्या. टेबलावर हात आपटून म्हणाल्या, "तुमी दवाखाना बंद केला, आता आमच्या पोरींनी कुठं जायाचा? माझी सून भरत आलीय. तुमाला कागद दिसतो, आमची पोर नाय दिसत?"

मॅडमनी त्यांना बसवलं, पाणी दिलं, जिन्याचं सगळं समजावून सांगितलं. धोंडूबाईंनी ऐकून घेतलं आणि जाताना म्हणाल्या, "जिना वायट हाय ता माला बी दिसतंय. पन जिना तरी हाय."

मॅडमना जागेची घाई होती. त्या इमारतीत तळमजल्यावर सोसायटीची मोठी खोली होती. आत कॅरम आणि गणपतीच्या मखराचे बांबू. शेजारी एक बंद गाळा. सोसायटीचे अध्यक्ष शत्रुघ्न मोरे, मुंबईत नोकरीला, अंगाने चांगले भरलेले. त्यांचं म्हणणं, "मॅडम, दवाखाना खाली आणला की रात्रंदिवस वर्दळ, रडारड. सभासद तयार होणार नाहीत."

मॅडम म्हणाल्या, "बरोबर आहे. फक्त एक करा, या खुर्चीत बसा."

मोरेसाहेब हसत हसत बसले. कृष्णाने आणि त्याच्या जोडीदाराने उचललं. वळणावर खुर्ची तिरकी झाली आणि मोरेसाहेबांनी डोळे घट्ट मिटले. "थांबा, थांबा! ठेवा खाली. मी चालत जातो."

मॅडम वरच्या पायरीवरून म्हणाल्या, "साहेब, बाळंतिणीला असं म्हणता येत नाही."

त्या रविवारी सोसायटीची सभा झाली. खोली मिळाली. मखराचे बांबू मोरेसाहेबांच्या स्वतःच्या गच्चीवर गेले. तुम्ही हसताय, आम्हीही हसलो होतो. काम सुरू झालं, नळ आले, भिंती फुटल्या, आणि आम्हाला वाटलं की जिंकलो.

पण मॅडमनी पूर्ण सांग म्हटलंय.

काम अजून अर्धवट होतं. धोंडूबाईंची सून संजना, दिवस भरायच्या आधीच तिला कळा सुरू झाल्या. भर दुपारी. दुसरी जागा कुणी ठरवून दिलेली नव्हती, म्हणून ती नेहमीच्या वाटेने किणी डॉक्टरांकडे आली. तिथे वरचं सामान बांधून ठेवलेलं, खाली वाळू-सिमेंट. टेबल नाही, काही नाही. डॉक्टरांनी तपासलं, म्हणाले, वेळ आहे थोडा, ताबडतोब निघा. स्वतः रिक्षा थांबवली, सोबत आपली नर्स दिली. पुढे रस्त्याचं खोदकाम होतं, वाहनांची रांग हलेना. संजना रिक्षातच बाळंत झाली. मुलगा झाला. लहान होता, थंड पडला. रुग्णालयात पोचवला, तिथल्या लोकांनी प्रयत्नांची शर्थ केली. दोन दिवसांनी तो गेला.

 

डॉक्टरांना, आदेश मिळाल्यावर तो पाळणं भाग होतं. मॅडमना, तो जिना बघितल्यावर आदेश काढणं भाग होतं. मग चुकलं कुठे? हे कुणी विचारलं? वरून कुणी विचारलं नाही. वर्तमानपत्रात आलं नाही. मॅडमनीच विचारलं. मला घेऊन त्या किणी डॉक्टरांच्या दारातून रिक्षात बसल्या, त्याच वेळी, त्याच रस्त्याने. जिथे रिक्षा अडली होती तिथे उतरून उभ्या राहिल्या. मला म्हणाल्या, "सालोमी, मी सगळ्यांना विचारत फिरले, बाई खाली कशी उतरते. खाली उतरून पुढे कुठे जाते, ते मी विचारलंच नाही."

मग आम्ही धोंडूबाईंच्या घरी गेलो. त्यांनी दार उघडलं, बघितलं आणि म्हणाल्या, "आता काय मोजायला आलाव?" दार लावलं. मॅडम पुन्हा गेल्या. पुन्हा दार लावलं. तिसऱ्या खेपेला त्यांनी मला एकटीला आत घेतलं, मॅडम बाहेर पायरीवर बसून राहिल्या. संजना आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेली. मी तिचा ताप बघितला, दुधाने छाती दाटली होती त्यावर काय करायचं ते सांगितलं. 

त्यानंतर आपल्या भागात एक पद्धत पडली. आज नव्या मुलांना वाटतं, ती पहिल्यापासूनच होती. नाही हो. एखादं प्रसूतिगृह थांबवायचं असेल तर आधी तिथल्या दिवस भरत आलेल्या बायकांच्या घरी जायचं, प्रत्येकीला जवळची दुसरी जागा ठरवून द्यायची आणि काम संपेपर्यंत पालिकेची रुग्णवाहिका त्या दाराशी उभी ठेवायची. त्या रुग्णवाहिकेसाठी मॅडम कुणाकुणाशी भांडल्या, ते व्यासपीठावरच्या मान्यवरांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. ते आत्ता हसताहेत, म्हणजे आठवतंय. आणि मॅडमनी कायदा सैल केला, असं मात्र कुणी समजू नये. कामणला, बोळिंजला, जिथे किमान सोयी नव्हत्या तिथे दाखले अडवले. फक्त अडवण्याआधी बायकांची सोय केली.

किणी डॉक्टरांचं प्रसूतिगृह तळमजल्यावर सुरू झालं. रुग्णवाहिका दाराला लागते, झोपलेली बाई झोपलेलीच आत जाते. किती जणी त्यामुळे वेळेत पोचल्या, डॉक्टर सांगतील.

आता शेवटचं सांगते. सर, तुमची नजर कळली मला. थोडंच राहिलंय.

दोन वर्षं गेली. एक दिवस कार्यालयात धोंडूबाई आल्या. मॅडमसमोर उभ्या राहिल्या, बसल्या नाहीत. म्हणाल्या, "संजनाला नेलीय किनी डाक्तरकडं. तुमी चला."

मॅडम म्हणाल्या, "मी? डॉक्टर आहेत ना तिथे."

"तुमी काय करू नका. नुसत्या बसा. बाहेर बसा."

आम्ही गेलो. मॅडम आणि धोंडूबाई एका बाकावर. दोघींच्या मध्ये एक माणूस बसेल इतकी जागा.  आतून आवाज यायचा, धोंडूबाई पदर तोंडात धरायच्या. संध्याकाळ व्हायला आली तेव्हा आतून रडणं ऐकू आलं, चांगलं खणखणीत. मुलगी झाली होती. धोंडूबाई आत जाऊन बघून आल्या, परत त्याच बाकावर बसल्या आणि मग रडल्या.

 मग मॅडमनी त्यांच्या सवयीप्रमाणे प्रश्न काढला. मला वाटलं, आत्ता नको, मॅडम, आत्ता काही विचारू नका. पण त्यांनी विचारलं, "धोंडूबाई, त्या पहिल्या बाळाचं नाव ठेवलं होतं का?"

धोंडूबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. म्हणाल्या, "ठेवला व्हता. विघ्नेश. आजपातुर कोनी इचारला नाय." आणि बाकावर मधली जागा होती ती ओलांडून त्यांच्याजवळ सरकल्या.

मॅडम, उद्यापासून तुम्ही घरी. आम्ही मात्र दवाखान्यांच्या दारात जाणारच आहोत. काय विचारायचं ते तुम्ही शिकवलंत, आणि उत्तर ऐकायला थांबायचं हेही.

अध्यक्ष महाराजांनी मला ठरल्यापेक्षा जास्त वेळ सहन केलं, आयोजकांनी एका परिचारिकेला या माइकसमोर उभं केलं, किणी डॉक्टरांनी आणि धोंडूबाईंच्या घरच्यांनी ही हकिगत सांगू दिली, त्या सर्वांची मी मनापासून ऋणी आहे. बोलण्याच्या ओघात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, एखादा शब्द जास्त झाला असेल, तर तो माझा समजा आणि पोटात घाला. बसते मी.