बादल्यांतले टोमॅटो

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर दोघी मैत्रिणी बोलत होत्या.

"सासऱ्यांना घेऊन आलीस का?"

"छे, ते गच्चीवर रमलेत. दिसेनासं झाल्यापासून नुसते खुर्चीत बसून असायचे. आता जुन्या बादल्यांत टोमॅटो लावलेत, जन्मात पहिल्यांदाच."

"अगं, पण दिसत नसताना?"

"माती चाचपून पाणी घालतात. पानं हुंगून तण ओळखतात. पहिली रोपं जास्त पाण्यानं कुजली, तर पुन्हा बी पेरलं."

"धन्य आहेत बाई."

"परवा म्हटलं, आपणही हातभार लावावा. तण म्हणून उपटलं, ते नेमकं टोमॅटोचं रोप."

"चिडले असतील."

"नाही गं. हुंगलं, परत खोचलं आणि म्हणाले, सूनबाई, आधी डोळे तपासून या."