आबांच्या घरचं पाणी

मंडळी, आणि काकी,

माझं नाव पुकारलं तेव्हा काहींनी माना वळवल्या, ते मी पाहिलं. वळवा. मी सुमन, आबांच्या थोरल्या चुलतभावाची धाकटी सून. याच चावडीपुढं जिला उभं केलं होतं, तीच. आबांना जाऊन दहा दिवस झाले. बोलायला उठले तर घशाला कोरड पडलीय. तरी बोलते.

आबा म्हणजे आपल्या बोहाड्यातले भीष्म. गावात देवांची, वीरांची सोंगं नाचतात, त्यात भीष्माचा मान त्यांच्या घराचा. तो जड लाकडी मुखवटा, ती पांढरी दाढी. दिवसभर उपास, आणि मुखवटा चढला की उतरेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. चाळीसएक वर्षं आबांनी हा नेम पाळला. लोक रस्त्यात त्यांच्या पाया पडायचे. मीही पडलेय.

माझा नवरा गेला, आणि वर्षाच्या आत थोरल्या दिरांनी पंच बसवले. म्हणाले, हिची चालचलणूक बरी नाही, ही घरात नको. आणखी काय काय बोलले, ते तुमच्यातल्या पुष्कळांनी ऐकलंय. काही जण हसलेही होते. पंचांत सगळ्यांत वडील आबा. मी त्यांनाच म्हणाले, "आबा, तुमी तरी बोला. मी कशी हाय, तुमाला ठावं हाय."

आबांनी मान खाली घातली. धोतराच्या सोग्याशी चाळा करत बसले.

का? तर माझ्या सासऱ्यांनी मरताना त्यांच्याकडून शब्द घेतला होता, त्यांच्या थोरल्या मुलाच्या, म्हणजे माझ्या या दिरांच्या, विरोधात कधी जाणार नाही म्हणून. आबांनी तो पाळला. शब्द राहिला, आणि मी रस्त्यावर आले.

निघताना मीही सगळ्यांदेखत बोलले. या माणसाच्या घरचं पाणी पिणार नाही, आणि त्याला पाजणारही नाही.

मग मी तालुक्याला, अकोल्याला खोली घेतली, अंगणवाडीत लागले. किती वर्षांनी आबा तिथं आले. भर उन्हाचे, जीपमधून. पायरीवर बसले. मी पाणी विचारलं नाही.

म्हणाले, "सुमन, म्या शब्द दिल्ता गं. पर तवा असं काय म्होरं यील, ते कुटं ठावं हुतं?"

मी म्हणाले, "मला सांगून काय उपेग? जिथं गप बसला, तिथं बोला."

आणि ते बोलले, मंडळी. गेल्या बोहाड्यात, इथंच, सोंग ऐन रंगात असताना त्यांनी मुखवटा उतरवला. संबळ थांबला. "सुमनचा काई गुन्हा नव्हता. मला ठावं हुतं. म्या गप बसलो." एवढंच बोलले. तुम्ही काय केलंत? सोंग बाटलं म्हणालात. मान काढून घेतलात. त्यांच्या ओट्यावर कुणी बसेनासं झालं.

पण तुम्हाला कुठल्या तोंडानं बोलू? मी काय केलं ते ऐका.

आबा अंथरुणाला खिळले. त्यांच्या घरच्या, या आपल्या काकींचा निरोप आला, "तुज्या हातचं पानी मागत्यात, ये." मी स्टँडवर गेले. जीप उभी होती. ड्रायव्हर म्हणाला, "बसा ताई, जागा हाय." मी बसले नाही. माझा शब्द होता ना! जीप निघून गेली. मी तिथंच उभी राहिले, मग घरी येऊन भाकरी थापल्या.

काकी सांगतात, दुसऱ्या कुणी चमचा लावला की आबा तोंड मिटून घ्यायचे. दिवस मावळायला आबा गेले.

बाणांवर पडलेल्या त्या भीष्मानं पाणी मागितलं, तेव्हा त्याला ते मिळालं. आपल्या भीष्माला मिळालं नाही. मी दिलं नाही.

मला वाटायचं, समोर अन्याय होत असताना माणूस शब्दाला चिकटून बसतोच कसा? आता कळलं. फार सोपं असतं ते. काही ठरवावं लागत नाही. नुसती जीप जाऊ द्यायची.

आबा, मला तुमचा राग होता. अजून थोडा आहे. पण मी यायला हवं होतं.

आता उभं राहून गप्प व्हायची रीत आहे. काकी, तुमच्या घरनं आणलेला तो तांब्या इकडं द्या. मी पाणी पिते. माझं पिऊन होईस्तोवर सगळ्यांनी उभं राहा.