क्रीमची मिशी

सत्यम : आधी नुसतं ऐक बे हनुमान, मधी बोलू नको!

हनुमान : दम तरी घे. घाटनांदूरहून पळत आलास का?

सत्यम : आपल्या अजिनाथचं अंबाजोगाईत नवं केकचं दुकान हाय ना, त्याला घाटनांदूरच्या अर्जुनरावांच्या वाढदिवसाची आर्डर आलती. केक आवडला तर पोरीच्या लग्नाचा बी तुझाच, म्हणलेले. मग गड्यानं क्रीमनं त्यांचा चेहराच काढला. फेटा, वर वळलेल्या मिशा, सगळं!

हनुमान : त्याला सोताला कुठं फुटल्यात अजून मिशा!

सत्यम : ऐक की! निघताना केक तिरपा धरून दावला मला. मिशी तसूभर हलली न्हाई. 'दगड हाय दगड,' म्हणला.

हनुमान : आन् मग तुझी पिकअप. मेला केक.

सत्यम : हळूच चालवली बे! पण दर खड्ड्याला क्रीम जराशी सैल पडायची, सरकायची. गाडी थांबली की जिथल्या तिथं घट्ट, जसं काय झालंच न्हाई. गावात डबा उघडला तर फेटा डोळ्यावर, मिशा हनुवटीखाली!

हनुमान : आरारारा! चमच्यानं वर ढकलायच्या ना.

सत्यम : ढकलल्या की! जितकं ढवळावं तितकं पातळ. एक गाल बी खाली आला. अजिनाथ म्हणला, 'दुकानाची पाटीच उतरवतो आता.'

हनुमान : परत का न्हाई आणला?

सत्यम : त्याच खड्ड्यांतून? मान बी गेली असती! तेवढ्यात लोकांनी केक उचलून टेबलावर ठिवला. सगळे हसू दाबायलेत. अर्जुनरावांच्या कपाळाला आठ्या.

हनुमान : गेला लग्नाचा केक.

सत्यम : तर त्यांच्या आई, छबुबाई, पुढं आल्या. बघतच ऱ्हायल्या. पदर डोळ्याला लावला. 'अर्जुना, ह्ये तर तुझे आबा रे! शेवटी शेवटी असाच फेटा खाली यायचा, अशाच मिशा लोंबायच्या. ह्यांच्यावर सुरी नको चालवू.'

हनुमान : आँ?

सत्यम : अर्जुनरावांनी अजिनाथचा हात धरला. म्हणले, 'पोरा, माझ्या वडलांचा एकबी फोटो न्हाई आमच्या घरात. तुला कुठं घावला?'

हनुमान : मग? काय म्हणला ह्यो?

सत्यम : माझ्याकडं बघायला लागला. बोटाला मिशीची क्रीम लागलेली, आन् म्हातारी त्याच्याकडं बघायलेली. तू असतास तर काय म्हणला असतास, बे?