केरबाअण्णांची घाटातली शर्यत

मंडळी, ऐका. आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे, उत्तराची घाई करू नका. ज्याच्या तोंडी उठता-बसता देवाचं नाव, त्याला भीती वाटावी का? आणि वाटली, तर त्याची भक्ती कच्ची म्हणायची का?

माना हलतायत. कच्चीच, म्हणताय. बरं. मग केरबाअण्णांची गोष्ट ऐका.

केरबाअण्णा पोवार. घाटाखालच्या माळेवाडीचा माणूस. पाटबंधारे खात्यात कालव्यावर नोकरी केली, साठीला घरी बसला. डॉक्टर म्हणाले, साखर वाढलीय, चाला. हा कालव्याच्या रस्त्यानं चालायला लागला. चालता-चालता एक दिवस पळाला. आता तुम्ही-आम्ही कधी पळतो? एसटी सुटताना, नाहीतर प्रसादाची पंगत बसताना! याला मात्र गोडी लागली. टाच जमिनीला टेकली की तोंडात — राम, राम, राम. पावलागणिक नाम. आणखी काय पाहिजे?

तालुक्याची घाटाची शर्यत असते. त्यात साठी ओलांडलेल्यांचा वेगळा गट. केरबाअण्णा पहिल्याच वर्षी पहिला आला. पुढच्या वर्षीही तोच. दुसरा कोण? इंगवले गुरुजी. शाळेतून निवृत्त झालेले, काटक, कमी बोलणारे. दरवर्षी पुढं केरबा, मागं गुरुजी. गावात हार, फेटा, चौकात फलक. "आमचा अण्णा म्हातारा होतच न्हाई," लोक म्हणायचे. आणि मंडळी, हे वाक्य फार गोड असतं. ऐकणाऱ्याला ते खरं करत राहावं लागतं, एवढाच त्यात त्रास.

मग एका सकाळी काय झालं? कालव्यावर पळताना जबड्याच्या मुळाशी कळ आली. कुणीतरी आतून चिमटीत धरावं, तशी. तिथून खांद्यात, खांद्यातून डाव्या हातात. अण्णा मोरीच्या, म्हणजे कालव्यावरच्या छोट्या पुलाच्या, कठड्यावर बसला. घामानं अंगरखा भिजला, आणि हवा तर थंड होती. थोड्या वेळानं कळ गेली. अण्णा उठला, घरी आला, चहा प्याला. कुणाला काही बोलला नाही.

का नाही बोलला? बोललं की डॉक्टर, डॉक्टर म्हटलं की तपासणी, तपासणी झाली की — बसा. खुर्चीत बसा, अण्णा. त्याला मरणाची भीती होती, आणि खुर्चीची त्याहून जास्त. दोन भीतींच्या मधे माणूस सापडला.

आता ही भीती घरात कशी शिरली, ते बघा. अण्णा देवळात बसायचा तो दाराजवळ. जेवताना दोन घास कमी. नातवाला उचलून घेणं बंद. आणि न्हाणीत गेला की आतून कडी लावेना. नुसतं दार लोटून घ्यायचा. का? आत पडलो तर लोकांना दार फोडावं लागू नये. विचार करा मंडळी, अंगावर पाणी घेताना माणूस रोज हा विचार करतो, आणि बाहेर बायको भाकरी थापतेय, तिला पत्ता नाही.

पत्ता नाही, असं त्याला वाटत होतं.

तिचं नाव हौसाबाई. शर्यतीच्या सकाळी अण्णा बुटांच्या नाड्या बांधत होता. ती समोर येऊन बसली.

"एक इचारू? न्हाणीची कडी का लावत न्हाईसा?"

"सैल झालीया."

"म्या लावून बघितली. चांगली बसतीया."

अण्णा नाडीच बांधत राहिला. तोंडात राम, राम सुरू.

"नाव नगा घिऊ आता," ती म्हणाली. "माझ्याशी बोला."

अण्णा उठला आणि निघाला. मंडळी, नाम घेणं फार मोठं. पण हा नामाचं झाकण करून भीतीवर ठेवत होता. देवाला काय, तो झाकणाखालचंही बघतो. फसवत होता तो घरच्या माणसांना, आणि फसला तो स्वतः.

हौसाबाईनं पदर खोचला. आयोजकांच्या जीपमधे बसली, म्हणाली, "मला वरच्या वळणावर उतरवा." वरचं वळण म्हणजे जिथून शेवटची चढण लागते ते. तिथं ती दरीच्या कठड्याला टेकून उभी राहिली. एकटी. खालून धुकं वर चढत होतं.

म्हाताऱ्यांचा गट सगळ्यांत आधी सोडतात. केरबाअण्णा सुटला तो पुढंच. मागं गुरुजींच्या बुटांचा आवाज. बाकीचे मागं पडत गेले. धुकं एवढं दाट झालं की पुढचा रस्ता दिसेना. दिसतोय तो पायाखालचा डांबराचा तुकडा, आणि ऐकू येतोय तो आपलाच श्वास.

आणि कळ आली. तीच. जबड्यात, खांद्यात, हातात. या वेळी ती गेली नाही.

अण्णानं डावा हात पोटाशी धरला. मागच्याला दिसू नये म्हणून दरीकडं तोंड करून वाकडा पळू लागला. काय विचार केला असेल त्यानं? गुरुजींना कळलं तर गावाला कळेल. आता थांबलो तर कायमचा थांबलो. आणि नाही थांबलो तर? पाय जड झाले. छातीवर जातं ठेवल्यासारखं झालं. नाम घ्यायला गेला, तर तोंडातून नाम निघेना, नुसती हवा. तेव्हा मंडळी, तो खरा भ्याला. लहान लेकरू जत्रेत चुकावं तसा.

धुक्यातून वळण आलं. कठड्याशी हिरवं लुगडं. हौसाबाई.

तिला बघून हसायचं, हात हलवायचा आणि पुढं जायचं — इतकी वर्षं त्यानं हेच केलं होतं. शेवटची चढण तेवढी उरली होती. वरून लाऊडस्पीकरचा आवाज येत होता, त्याचंच नाव घेत होते. मागचे बूट जवळ येत होते.

केरबाअण्णा थांबला. पुढं वाकला, गुडघ्यांवर हात टेकले, आणि म्हणाला,

"हौसा, मला भ्या वाटतंय."

सगळा संसार झाला होता दोघांचा. हे वाक्य तिनं पहिल्यांदा ऐकलं. ती रडली नाही. त्याला धरून रस्त्याकडेला बसवलं, पाठ कठड्याला लावली, त्यानं छातीवर दाबून धरलेला हात आपल्या हातात घेतला.

तेवढ्यात गुरुजी आले. बघितलं, थबकले. "केरबा? काय झालं?"

"छातीत कळ हाय," हौसाबाई म्हणाली. घाटात फोनला रेंज नाही, हे तिला ठाऊक होतं. "गुरुजी, तुमी थांबू नगा. वर अँब्युलन्स हाय. पळा, आन् घिऊन या."

गुरुजी पळाले. लोक सांगतात, तो साठीतला माणूस असा धावत आला की वरचे लोक टाळ्या वाजवायला लागले. शेवटच्या फितीजवळ ते थांबलेच नाहीत. हार घेऊन उभ्या असलेल्याला ढकलून सरळ अँब्युलन्सपाशी गेले, आणि दाराला धरून म्हणाले, "खाली चला. आधी खाली चला." त्या गाडीतूनच खाली आले. स्ट्रेचरचं एक टोक त्यांनी धरलं.

शहरातल्या दवाखान्यात नेलं. हृदयाची मोठी नस बंद होत आली होती. डॉक्टरांनी ती उघडली, आणि हौसाबाईला सांगितलं, "ती चढण चढले असते तर आमच्या हाती काही उरलं नसतं."

अण्णा आज आहे. शर्यती सोडल्या. सकाळी कालव्यावर चालतो, शेजारी गुरुजी असतात. पहिल्या दिवशी मोरीपाशी अण्णा म्हणाला, "गुरुजी, आज जरा भ्या वाटतंय." गुरुजी म्हणाले, "मलाही वाटतं. बसू या." दोघं बसले. भीती गेली का? नाही गेली. वाटून घेतली.

आता माझा प्रश्न. अण्णाची भक्ती कच्ची होती का? पावलागणिक नाम घेत होता तेव्हा देव जवळ होता, की नाम निघेना आणि घाबरून बायकोचं नाव निघालं तेव्हा? मला विचाराल तर त्या वळणावरचं ते एक वाक्य हीच त्याची प्रार्थना होती. पहिली खरी प्रार्थना.

आणि तुम्ही? या मंडपात किती जण आहेत, छातीत काहीतरी घेऊन बसलेले? कुणाला गाठ लागलीय आणि ती कुणाला दाखवली नाही. कुणाचा हात थरथरतो, तो उपरण्याखाली आहे. कुणाला आपल्याच घराचा रस्ता परवा आठवला नाही. आणि सगळे टाळ्या वाजवतायत, नाम घेतायत, फार छान.

पेटीवाले, सूर धरू नका. मृदंगही राहू द्या. आरतीला वेळ आहे, देव कुठं जात नाही. आपलं माणूस शेजारी बसलंय. हळू आवाजात का होईना, त्याला सांगा. मी वाट बघतो.