मनगट

हिंजवडीच्या बसच्या रांगेत नम्रताच्या मागे दोन अनोळखी म्हातारे उभे होते. तिच्या कानातलं गाणं केव्हाच संपलं होतं, पण तिनं इअरफोन काढले नाहीत.

“लेकीला कराटेचा ब्राऊन बेल्ट मिळाला म्हणे, गेनबा. पेढे कुठायत?”

“पेढे कसले, बापूराव. सुट्टीला घरी आली तवा म्हटलं, माझ्या हातातनं मनगट सोडवून दाव.”

“तुम्ही पडलात तालमीतले. कुस्तीची पकड ती.”

“साठी उलटली हो माझी! शुगर हाय. तरी तिला सुटंना. पोरीचं तोंड एवढंसं झालं. मग मीच हात ढिला केला. म्हटलं, शाब्बास!”

“हे करायला कुणी सांगितलं होतं?”

“नवख्या पोराची उमेद वाढावी म्हणून वस्ताद स्वतःच पडतो की नाही? तीच सवय.”

“तालमीत खाली माती असते, गेनबा.”

“तेच की. कामावर परत गेली आन् तिनं रूमवर सोडणारी कंपनीची गाडी बंद केली. म्हणाली, ‘आता मला कसली भीती, बाबा?’ स्टॉपपासून रूमवर एकटी चालत जाते.”

“मग खरं सांगून टाका.”

“जीभ रेटत नाही. म्हणून रोज संध्याकाळी तिकडं जातो आन् गुपचूप तिच्या मागनं चालतो.”

“आणि तिला कळलं तर?”

“काल पावलं ऐकू आली तिला.”

“मग? दाखवलं का कराटे?”

“वळून बघितलंसुद्धा नाही, बापूराव. चपला टाकून पळाली. ह्या पिशवीत हायत त्या. आता कशा देऊ, सांगा.”