तरंगलेले थेंब

वडीलधाऱ्यांनो, बायांनो, एवढ्या लांबून उन्हात आलात. मला बोलणं जमेल असं वाटत नाही. तरी बोलते.

"एवढ्याशा रक्तानं काई होत नाही वो," असं सुशीलाबाई मला म्हणाल्या होत्या. ज्यांच्यासाठी आज जमलो, त्या माझ्या थोरल्या जाऊबाई. लग्नानंतरची माझी पहिली रोवणी होती. पायाला जळू चिकटली आणि मी भाताच्या बांधीत रडत उभी. त्यांनी ती ओढून फेकली, हसल्या आणि पुन्हा रोपं लावायला वाकल्या.

बावीस वर्षांनी त्यांचं लिव्हर बदलायचं ठरलं. त्यांच्या भावानं आपल्यातला तुकडा देऊ केला. नागपूरचे डॉक्टर म्हणाले, यांचं रक्त गोठत नाही. पोट उघडलं की वाहत राहील. खूप पिशव्या लागतील. रक्त देणारी माणसं आणा, कोणत्याही गटाची चालतील. बदल्यात यांच्या गटाचं देऊ.

देवरीहून जीप केली. चार पुरुष आणि आम्ही रोवणीच्या सहा जणी.

तिथल्या रक्तपेढीतल्या मुलीनं बोट टोचून थेंब निळ्या पाण्यात सोडला. बुडला तर रक्त चांगलं. पुरुषांचे बुडले. आमच्यातल्या पारबताबाईंचा तरंगला.

"दीदी, आपका नहीं चलेगा. खून कम है."

"काऊन? पेज पिऊन आली न मी."

मग दुसरीचा तरंगला. तिसरीचा. चौथीचा, पाचवीचाही. मी शाळेत मुलांना रक्ताचा धडा शिकवते. माझाही तरंगला.

"घ्या, मास्तरीणबाईचं बी पानीच हाय," पारबताबाई म्हणाल्या. कोणी हसलं नाही. आत ऑपरेशन सुरू झालं होतं.

दुपारी नर्स बाहेर आली. "और कोई है?"

आम्ही सहा धडधाकट बाया समोर उभ्या होतो. आणि कोणीच नव्हतं.

शेवटी अनोळखी लोकांनी रक्त दिलं. जाऊबाई टेबलावरून जिवंत आल्या. सहाव्या दिवशी जंतुसंसर्गानं गेल्या. रक्त कमी पडलं म्हणून गेल्या, असं डॉक्टर म्हणत नाहीत. मीही म्हणणार नाही. पण ती दुपार मला सोडत नाही. बाकावर बसून आम्ही एकमेकींना विचारत होतो, काल काय जेवली? सगळ्यांचं उत्तर एकच. भात आणि उरलेला रस्सा. उरलेला, बरं का. आधी पुरुष, मग पोरं, मग आम्ही.

आता त्यांच्यासाठी दोन मिनिटं शांत उभं राहू या. मग तेरवीचं जेवण आहे.

भाऊजी, तुम्ही त्यांचे मालक, माझे थोरले भासरे. तुमच्यासमोर मी आजवर तोंड उघडलं नाही. आज मागते. पहिली पंगत बायांची बसू द्या. पुरुषांनी वाढावं.

"असं कुठी असते का," म्हणाल. ठाऊक आहे मला. तरी मागते.